मुसळाऐवजी जाते : माझदा कॉस्मो स्पोर्ट या मोटारीची कुळकथा

जुन्या घरातील उखळ आणि जाते या दोन साधनांकडे ज्यांनी लहानपणी कुतूहलाने पाहिले असेल, त्यांच्या ध्यानात एक भेद सहज आला असेल. उखळात कांडताना मुसळ वर जाते, क्षणभर थांबते, खाली येते आणि तळाशी आदळून पुन्हा थांबते. म्हणजे प्रत्येक घावास दोन थांबे, आणि प्रत्येक थांब्यानंतर गेलेली गती नव्याने उत्पन्न करण्याचे श्रम. जात्याचे तसे नाही. ते एकदा लयीत आले की फिरतच राहते. वरून मुठीमुठीने दाणे पडत असतात, कडेने पीठ सांडत असते, आणि मधला सारा उद्योग दगडाच्या पोटात अखंड चाललेला असतो.

आता मोटारगाडीचा विचार करावा. गाडीची चाके जात्याच्या जातीची आहेत. ती एकाच दिशेने, न थांबता, गोल फिरतात. परंतु या चाकांना शक्ती पुरविणारे पेट्रोलचे इंजिन मात्र, गेल्या शंभराहून अधिक वर्षांत, जवळजवळ नेहमीच मुसळाच्या जातीचे राहिले आहे. त्याच्या पोटात धातूचे दट्टे वर-खाली कांडत असतात, आणि त्या कांडणाचे फिरण्यात रूपांतर करण्यासाठी दांडे, कोपर, झडपा, स्प्रिंगा आणि साखळ्या यांचा एवढा मोठा सरंजाम पदरी बाळगावा लागतो की, कोणाही विचारी माणसाला प्रश्न पडावा : चाकाला जर गोलच फिरायचे आहे, तर मुळात इंजिनच गोल फिरणारे का करू नये?

या प्रश्नाचे उत्तर कागदावर अनेकांनी दिले; रस्त्यावर धावून ते देणाऱ्या गाड्या मात्र मोजक्याच निघाल्या, आणि त्यांत जपानमधील हिरोशिमा येथे तयार होऊन ३० मे १९६७ रोजी विक्रीस आलेल्या ‘माझदा कॉस्मो स्पोर्ट’ या दोन आसनी, ठेंगण्या, लांबट मोटारीचे स्थान अगदी निराळे आहे. तिचे रूप आकर्षक आहेच; परंतु यंत्र सोपे करू गेल्यास त्यातील अडचण बहुधा नाहीशी न होता केवळ आपली जागा बदलते, हे या गाडीच्या चरित्रातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या एखाद्या गाडीच्या चरित्रातून क्वचितच दिसेल.

मुसळाचा व्यवहार

नेहमीच्या इंजिनात एक नळकांडे असते व त्यात घट्ट बसणारा दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, वर-खाली सरकत असतो. तो प्रथम खाली उतरतो तेव्हा पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर चढताना ते मिश्रण दाबले जाते. पुरेसे दाबले गेले की विजेची ठिणगी पडून ते पेटते, आणि त्या ज्वलनाच्या जोराने दट्ट्या पुन्हा खाली लोटला जातो. चौथ्या खेपेस तो वर येताना जळका धूर बाहेर ढकलतो. शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन अशा या चार खेपा. चौघा भावांच्या एकत्र कुटुंबात एकच कमावता असावा आणि उरलेल्या तिघांनी त्याच्या मिळकतीवर आपापली कामे उरकावीत, तसा हा संसार आहे.

दट्ट्याच्या वर-खाली होण्यातून फिरणे कसे निर्माण होते, हे पाहण्यासाठी शिंप्याच्या दुकानाइतकी सोयीची शाळा नाही. शिवणयंत्राच्या पायाखालची फळी झुलत असते. तिला जोडलेली दांडी वर-खाली होते. आणि त्या दांडीचे दुसरे टोक चाकाच्या मध्यापासून थोडे दूर अडकविलेले असल्याने चाक गरगर फिरते. इंजिनातही हीच योजना आहे. फरक इतकाच की, शिंप्याचा पाय सेकंदाला एक-दोनदा खाली-वर होत असेल, तर मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनातील दट्ट्याला दर सेकंदास दोनशे वेळा पूर्णपणे थांबून दिशा पालटावी लागते. या थांबण्या-पालटण्यातच इंजिनाची थरथर, त्याचा आवाज आणि त्याच्या वेगाची मर्यादा यांचे मूळ आहे. शिवाय मिश्रण आत घेण्याच्या व धूर बाहेर सोडण्याच्या झडपा योग्य क्षणी उघडाव्या-मिटाव्यात म्हणून निराळी यंत्रणा ठेवावी लागते, ती वेगळीच.

बांगडी आणि रहाटगाडगे

या साऱ्या लवाजम्याला रजा देण्याची कल्पना ज्याने तडीस नेली, त्या फेलिक्स वांकेलचा जन्म १९०२ साली जर्मनीतील लार या गावी झाला. विद्यापीठाचे शिक्षण त्याला लाभले नव्हते. नाझी राजवटीशी त्याचा निकटचा संबंध होता, हेही त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही. फिरत्या इंजिनासंबंधीचे पहिले पेटंट त्याने १९२९ साली मिळविले. पुढे १९५१ साली नेकार्सुल्म येथील एन. एस. यू. या दुचाकी व लहान मोटारी बनविणाऱ्या कंपनीशी त्याचा करार झाला. आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचे इंजिन प्रथम चालले. त्या पहिल्या नमुन्यात आतला भाग आणि त्याभोवतीचे कवच अशी दोन्ही फिरत असत. त्यामुळे ठिणगी पाडणारे प्लग बदलायचे म्हटले तरी इंजिन उकलावे लागे. कंपनीतील हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने कवच स्थिर ठेवून केवळ आतला भाग फिरविण्याची योजना केली, आणि आज ज्याला आपण वांकेल इंजिन म्हणतो ते या दुसऱ्या रूपातील होय.

त्याची रचना अशी. बाहेर धातूचे एक कवच असते, त्याचा आतला आकार साधारणपणे लंबगोल परंतु कमरेशी किंचित आवळलेला, म्हणजे दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा असतो. या कवचात किंचित फुगीर कडांचा एक त्रिकोणी ठोकळा फिरतो. त्याला रोटर म्हणतात. रोटर फिरताना त्याची तिन्ही टोके सदैव कवचाच्या भिंतीला चिकटून राहतात, आणि त्यामुळे रोटर व भिंत यांच्यामध्ये तीन स्वतंत्र कप्पे तयार होतात.

परंतु हा रोटर एका जागी खिळलेल्या भोवऱ्याप्रमाणे फिरत नाही. तसा फिरला असता तर त्याची टोके कमरेच्या आवळ भागात अडकून बसली असती. त्याची चाल कशी असते हे पाहावयाचे असल्यास एखादी बांगडी उभ्या बोटात अडकवून गरगर फिरवावी. बांगडीचा मध्य बोटाभोवती भराभर प्रदक्षिणा घालीत असतो, पण बांगडीवरील एखादे नक्षीचे फूल नजरेत धरून ठेवले तर ध्यानात येते की, बांगडी स्वतःभोवती मात्र त्याहून संथ गतीने वळत असते. रोटरच्या पोटात दाते असलेले एक कडे असते, ती ही बांगडी. आणि कवचाला घट्ट बसविलेले एक लहान दातेरी चाक असते, ते हे बोट. दोहोंच्या दात्यांचे प्रमाण ३ : २ असे ठेवलेले असते. त्यामुळे रोटरचा मध्य तीन प्रदक्षिणा पुऱ्या करतो तेव्हा रोटर स्वतःभोवती नेमका एक फेरा घेतो. मध्याच्या या प्रदक्षिणेनेच इंजिनाचा मुख्य दंड फिरतो आणि तीच गती पुढे चाकांकडे जाते.

आता कप्प्यांकडे वळू. रहाटगाडगे चालू असताना एक गाडगे विहिरीत भरत असते, दुसरे भरून वर येत असते, तिसरे पन्हळीत रिकामे होत असते. कोणीही कोणासाठी खोळंबत नाही. रोटरभोवतीच्या तीन कप्प्यांचेही असेच आहे. रोटर वळत जातो तसा प्रत्येक कप्पा कधी फुगतो, कधी आकसतो. एका बाजूस फुगताना तो मिश्रण शोषून घेतो. पुढे सरकून आकसताना ते दाबतो. ठिणगी पडली की ज्वलनाचा जोर रोटरला पुढे ढकलतो. आणि अखेरीस जळका वायू बाहेर टाकून तो कप्पा पुन्हा आरंभस्थानी येतो. चार कामे तीच, पण ती एकाच नळकांड्यात एकामागून एक न होता कवचाच्या चार निरनिराळ्या जागी होतात, आणि तिन्ही कप्पे एकाच वेळी आपापल्या कामात असतात. झडपांचीही गरज राहत नाही, कारण मिश्रण आत येण्याची व धूर बाहेर जाण्याची भोके फिरता फिरता रोटर स्वतःच उघडी करतो आणि झाकतो; दारावर पहारेकरी नेमण्याऐवजी येणाऱ्या-जाणाऱ्यानेच दार लावून घ्यावे, तसा हा प्रकार.

या हिशेबाची गोळाबेरीज लक्षात घेण्याजोगी आहे. रोटरच्या एका फेऱ्यात तिन्ही कप्पे एकेकदा पेटतात. तेवढ्यात मुख्य दंडाचे तीन फेरे होतात. म्हणजे दंडाच्या प्रत्येक फेऱ्यास एक धक्का मिळतो. दट्ट्याच्या इंजिनातील एक नळकांडे असा धक्का दर दोन फेऱ्यांतून एकदाच देते. एक रोटर अशा रीतीने दोन नळकांड्यांचे काम करतो, आणि तेही कोठे न थांबता, न आदळता.

हिरोशिमाचा परवाना

१९५९ च्या अखेरीस या इंजिनाची वार्ता जाहीर झाली तेव्हा जगभरच्या मोटार कारखान्यांचे लक्ष नेकार्सुल्मकडे वेधले. ते बनविण्याच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांत हिरोशिमाची तोयो कोग्यो ही कंपनी होती. बुचाच्या वस्तू करण्यासाठी १९२० साली स्थापन झालेली ही कंपनी १९३१ पासून ‘माझदा’ या नावाने तीनचाकी मालमोटारी बनवीत असे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबाँब पडला, त्या वेळी तिचा कारखाना शहराच्या कडेस, टेकडीच्या आडोशाला असल्याने उभा राहिला, आणि शहरातील कचेऱ्या बेचिराख झाल्यामुळे हिरोशिमा प्रांताच्या सरकारचे दप्तर काही महिने याच कारखान्याच्या इमारतीत चालले. या कंपनीने आपली पहिली छोटी मोटार, ३५६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची व सोळा अश्वशक्तींची, १९६० साली बाजारात आणली होती. तिच्या हाती फार मोठे भांडवल नव्हते आणि टोकियोतही तिचे वजन नव्हते.

उलट, टोकियोतून येणारे वारे प्रतिकूल होते. परदेशी मोटारींना देशाची बाजारपेठ खुली करावी लागणार हे ओळखून जपानच्या व्यापार व उद्योग खात्याने १९६० नंतरच्या वर्षांत देशातील मोटार कंपन्यांना मोजक्या गटांत एकवटण्याचा बेत आखला होता. असा बेत अमलात आला असता तर हिरोशिमासारख्या दूरच्या शहरातील लहान कंपनी एखाद्या मोठ्या कंपनीच्या पोटात गडप झाली असती. आपले वेगळे अस्तित्व टिकवायचे तर दुसऱ्या कोणाजवळ नाही अशी एखादी विद्या आपल्या संग्रही असली पाहिजे, हे कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी जाणले. ते १९६० च्या ऑक्टोबरात स्वतः जर्मनीस गेले; करारनामा झाला; आणि १९६१ साली जपान सरकारची मंजुरी मिळून परवाना हाती आला. मात्सुदांच्या दृष्टीने तो परवाना एका इंजिनाचा होता त्याहून अधिक, स्वतंत्र राहण्याचा होता.

सैतानाच्या नखांचे ओरखडे

परवाना मिळाला, नमुन्याचे इंजिन आले, ते चालूनही पाहिले. आणि मग खरी गोष्ट उघडकीस आली. काही काळ चालल्यावर कवचाच्या आतील गुळगुळीत भिंतीवर ओळीने आडव्या वळ्या उमटू लागल्या, आणि थोड्याच अवधीत इंजिनाचा दम जाऊ लागला. हिरोशिमाच्या कामगारांनी या वळ्यांना नाव दिले : सैतानाच्या नखांचे ओरखडे.

हे ओरखडे कशाचे? रोटरची तीन टोके भिंतीला सदैव चिकटून राहतात असे वर म्हटले आहे. परंतु धातूचा ठोकळा धातूच्या भिंतीला नुसता टेकवून वायू अडविता येत नाही. म्हणून प्रत्येक टोकाला एक खाच पाडून तीत एक बारीक पट्टी बसवितात, आणि ती स्प्रिंगने भिंतीवर दाबून धरतात. तीन कप्पे एकमेकांपासून विभक्त ठेवण्याची जबाबदारी या पट्ट्यांची. दट्ट्याच्या इंजिनात हेच काम गोल कड्या करतात, पण त्या कड्या गोल नळकांड्यात सर्व बाजूंनी सारख्या टेकलेल्या असतात. इथे पट्टीची केवळ एक कड, प्रतिक्षणी बदलणाऱ्या कोनातून, वाकड्यातिकड्या भिंतीवरून, प्रचंड वेगाने घासत जाते. तिच्या एका अंगास धगधगता वायू, तर दुसऱ्या अंगास थंड मिश्रण. झडपा, दांडे आणि साखळ्या काढून टाकल्या तेव्हा ज्या अडचणी गेल्याशा वाटल्या होत्या, त्या साऱ्या या तीन पट्ट्यांवर येऊन बसल्या होत्या.

वळ्या का उमटत, याचा उलगडा शाळेच्या फळ्यापाशी होतो. फळ्यावर खडू विशिष्ट कोनातून धरून ओढला की तो कर्कश किंचाळतो, आणि नीट पाहिले तर अखंड रेघेऐवजी ठिपक्यांची माळ उमटलेली दिसते. खडू घसरण्याऐवजी उड्या मारीत जातो. टेकतो, उचलला जातो, पुन्हा टेकतो. प्रत्येक वस्तूचा थरथरण्याचा एक स्वतःचा ठेका असतो. घासण्याने मिळणारे झटके त्या ठेक्याशी जुळले की थरथर वाढतच जाते. कसलेले शिक्षक अशा वेळी खडू मोडून अर्धा करतात. तुकडा आखूड झाला की त्याचा ठेका पालटतो आणि किंचाळणे थांबते.

हिरोशिमाच्या अभियंत्यांनी अखेर जे केले ते तत्त्वतः याहून निराळे नव्हते. एप्रिल १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या प्रमुखत्वाखाली या इंजिनाच्या संशोधनासाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. त्यात सत्तेचाळीस जण होते, आणि स्वामिनिष्ठेपायी प्राण वेचणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची कथा जपानात घरोघर ठाऊक असल्याने या तुकडीला तेच नाव चिकटले. पट्टीसाठी नाना पदार्थ वापरून पाहिल्यानंतर, दोष पट्टीच्या कठीणपणात किंवा मऊपणात नसून तिच्या थरथरण्यात आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी धातूच्या पट्टीच्या कडेजवळ आडवे-उभे पोकळ मार्ग कोरले. पट्टी आकाराने तीच राहिली, पण तिचा ठेका बदलला, आणि ओरखडे उमटेनासे झाले. विकण्याच्या गाडीसाठी त्यांनी याच्याही पुढे जाऊन कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांत ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी, एका कार्बन उत्पादक कंपनीच्या साहाय्याने, सिद्ध केली. कार्बनला घसरण्याचा अंगचाच गुण असल्यामुळे क्रोमियमचा मुलामा दिलेल्या भिंतीवरून ती न बुजता सरकू लागली.

पट्ट्यांचा प्रश्न सुटला तरी दोन प्रश्न उरले होते. संथ गतीत इंजिन अंग झटकल्यासारखे थरथरे, आणि वंगणाचे तेल कप्प्यांत झिरपून गाडीमागे पांढऱ्या धुराचे लोट उठत. थरथरीवर दोन उपाय योजण्यात आले. मिश्रण आत येण्याचे भोक कवचाच्या परिघावर न ठेवता बाजूच्या भिंतीत ठेवले, त्यामुळे संथ गतीत ताजे मिश्रण व जळका धूर यांची सरमिसळ कमी झाली. आणि एका रोटरऐवजी दोन रोटर एकाच दंडावर परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून बसविले, जेणेकरून एकाचा झोक दुसऱ्याने सावरावा. धुरासाठी तेल अडविणाऱ्या कड्यांची रचना नव्याने करावी लागली. जर्मनीत एन. एस. यू. ने १९६४ पासून विकलेली ‘स्पायडर’ ही वांकेल इंजिनाची पहिली गाडी एका रोटरची होती. दोन रोटरांची गाडी प्रथम बाजारात आणण्याचा मान त्यामुळे हिरोशिमाकडे गेला.

इंजिनाने घडविलेले रूप

कॉस्मो प्रथम १९६४ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. परंतु विक्रीस येण्यापूर्वी आणखी अडीच वर्षे गेली. त्या काळात सुमारे साठ गाड्या देशभरच्या विक्रेत्यांकडे देऊन, निरनिराळ्या हवामानात व रस्त्यांवर, निरनिराळ्या हातांनी त्या चालवून घेण्यात आल्या. नवे इंजिन जनतेच्या हाती देण्यापूर्वी त्याचे दोष आपणच शोधून काढावेत, हा यामागचा सावध हेतू.

हेइजी कोबायाशी यांनी आखलेले या गाडीचे शरीर पाहताना एक गोष्ट विसरू नये : तिचे नाक इतके खाली झुकलेले आहे याचे कारण त्या नाकाखाली झाकण्याजोगे फारसे काही नाही. दट्ट्याचे इंजिन उंच असते. दोन रोटरांचे इंजिन एखाद्या पिंपाएवढे, बसके आणि आटोपशीर. ते खाली आणि बरेचसे मागे, पुढच्या चाकांच्या आसाच्या आतल्या अंगास ठेवता आले. साऱ्या गाडीची उंची त्यामुळे अवघी ११६५ मिलिमीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीलाही न पोचणारी, राहिली. लांबी ४१४० मिलिमीटर आणि वजन ९४० किलोग्रॅम. मागील दिवे आडव्या बंपरने मधोमध छेदलेले, वर एक आणि खाली एक असे; काचेच्या आवरणाआडचे पुढचे दिवे; आणि आत काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाची आसने. अंतराळयानांचे ते युग होते, आणि गाडीचे नाव विश्व या अर्थाच्या शब्दावरून ठेवलेले होते.

मागच्या चाकांची जोडणीही उल्लेखनीय आहे. पाच किलोचे वजन पाठीवर घेऊन पळणे आणि तेच पायांना बांधून पळणे यात जो फरक, तोच गाडीच्या अंगावर असलेल्या वजनात आणि चाकांबरोबर हेलकावणाऱ्या वजनात असतो. कॉस्मोत चाकांना गती वाटून देणारी जड दातेरी पेटी गाडीच्या अंगाला बांधून टाकली असून दोन्ही चाके एका हलक्या नळीने परस्परांशी जोडली आहेत. चाकांच्या पायांतील ओझे अशा रीतीने उतरविल्यामुळे ती खडबडीत रस्त्यावरही जमीन सोडीत नाहीत. या रचनेला दि दिओं आस असे म्हणतात.

इंजिनाचे आकारमान सरकारदरबारी कसे नोंदवावे, हा एक मनोरंजक प्रश्न होता. एका रोटरच्या एका कप्प्याचे माप ४९१ घनसेंटिमीटर. दोन रोटरांचे मिळून ९८२. एवढ्याशा मापातून ११० अश्वशक्ती निघतात हे ऐकून कोणीही तोंडात बोट घालावे. परंतु प्रत्येक रोटरला कप्पे तीन असतात आणि दंडाच्या दर फेऱ्यास एक धक्का मिळतो, हे ध्यानात घेता ही तुलना सरळ नाही हे उघड आहे. म्हणूनच जपानमध्ये मोटारकराची आकारणी करताना अशा इंजिनाचे माप दीडपट धरतात.

थोडक्यात : माझदा कॉस्मो स्पोर्ट

- विक्रीस आरंभ : ३० मे १९६७; उत्पादन हिरोशिमा येथे, १९७२ पर्यंत
- इंजिन : दोन रोटरांचे वांकेल, ४९१ × २ घनसेंटिमीटर
- शक्ती : पहिल्या आवृत्तीत ११०, जुलै १९६८ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत १२८ अश्वशक्ती
- कमाल वेग : ताशी १८५ किलोमीटर, दुसऱ्या आवृत्तीत ताशी २००
- पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर : २२०० मिलिमीटर, दुसऱ्या आवृत्तीत २३५०
- एकूण गाड्या : ३४३ + ८३३ = ११७६
- मर्म : रोटरच्या तीन टोकांवरील बारीक पट्ट्या

चौऱ्याऐंशी तास

नव्या इंजिनावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसावयाचा तर जाहिरात पुरत नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये कंपनीने दोन कॉस्मो गाड्या जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथे, डोंगराळ व वळणावळणांच्या मार्गावर होणाऱ्या ‘माराथाँ द ला रूत’ या शर्यतीस पाठविल्या. ही शर्यत चौऱ्याऐंशी तासांची, म्हणजे साडेतीन अहोरात्र चालणारी. जपानी चालकांची गाडी ब्याऐंशीव्या तासात, शेवट दृष्टिपथात आला असताना बाद झाली. बेल्जियन चालकांची गाडी चौथ्या क्रमांकाने शर्यत पुरी करून आली. यातील अधिक बोलकी गोष्ट चौथा क्रमांक नव्हे, तर पहिल्या गाडीचे बाद होणे ही आहे : ती थांबली ती मागच्या आसाच्या बिघाडामुळे. ज्या पट्ट्यांपायी सत्तेचाळीस माणसांची झोप उडाली होती, त्यांनी दगा दिला नव्हता.

कॉस्मो मात्र कधीच सर्वांची गाडी झाली नाही. पहिल्या आवृत्तीची किंमत १४ लाख ८० हजार येन होती, आणि पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढली तर महिन्याकाठी वीस गाड्याही भरत नाहीत. तिचे काम निराळे होते. तिने वाट सुकर केली आणि त्या वाटेने याच इंजिनाच्या स्वस्त, कौटुंबिक गाड्या पुढे आल्या.

परात आणि तांब्या

पण अडचणीने आणखी एकदा जागा बदलली. कढत पाणी तांब्यात ठेवले तर बराच वेळ गरम राहते; तेच परातीत ओतले तर पाहता पाहता निवते, कारण परातीत पाण्याचा फार मोठा भाग धातूला आणि हवेला टेकलेला असतो. दट्ट्याच्या इंजिनात जाळ तांब्यासारख्या आटोपशीर जागेत होतो. वांकेलमध्ये तो परातीसारख्या लांब, पसरट व चपट्या कप्प्यात होतो, आणि तो कप्पाही जळता जळता पुढे सरकत असतो. त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा भिंतींनाच जातो, कडेकोपऱ्यांतील मिश्रण अर्धवट जळते, पट्ट्यांच्या फटींतून थोडे निसटते. आणि एवढे करून गाडी पेट्रोल मात्र सढळ हाताने पिते. इंधन स्वस्त होते तोवर हा खर्च कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. १९७३ च्या अखेरीस तेलाचे संकट उद्भवले आणि खनिज तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा मात्र हिरोशिमाची कंपनी मोठ्या तोट्यात गेली. एन. एस. यू. तर त्याआधीच आपल्या ‘रो ८०’ या गाडीची इंजिने मुदतीत बदलून देता देता जेरीस येऊन १९६९ साली आउडीत विलीन झाली होती.

बहुतेकांनी परवाने गुंडाळून ठेवले; हिरोशिमाने ठेवले नाहीत. १९७८ साली आलेल्या आर. एक्स.-७ या गाडीच्या आठ लाखांहून अधिक प्रती निघाल्या. १९९१ साली चार रोटरांच्या माझदा ७८७ बी या गाडीने फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि दट्ट्या नसलेल्या इंजिनाचा तो तेथील पहिला विजय ठरला. यामामोतो तोपर्यंत कंपनीचे अध्यक्षपद भूषवून गेले होते. तरीही धूर आणि इंधन यांविषयीचे कायदे कडक होत गेले आणि २०१२ साली रोटर इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन थांबले.

अकरा वर्षांनी ते इंजिन परत आले, पण एका अनपेक्षित नोकरीवर. २०२३ साली आलेल्या एम. एक्स.-३० या गाडीच्या एका प्रकारात ८३० घनसेंटिमीटरचा एकच रोटर आहे. विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या त्या गाडीची बॅटरी उतरू लागली की हा रोटर सुरू होऊन वीज निर्माण करतो. लहानशी, हलकी, थरथर न करणारी अशी वस्तू त्या अरुंद जागेत बसविण्यास त्याच्याहून सोयीचे काही नव्हते. क्षणाक्षणाला वेग कमी-जास्त करण्याची सक्तीही त्याच्यावर राहिलेली नाही; गाडी कशीही धावो, त्याने आपल्या लयीत दळीत राहावे. चाकाला गोल फिरायचे आहे म्हणून गोल फिरणारे इंजिन शोधण्यात आले होते. आता ते इंजिन मिळालेले आहे, उत्तम फिरते आहे, आणि चाकाशी त्याची गाठ कोठेच पडत नाही.